चूक यंत्राची की माणसाची?

'रोबो' हा शब्द तुम्ही नेहमी ऐकता. तो प्रथम आला कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या नाटकात. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठबिगारी. मराठीत आपण रोबोला यंत्रमानव म्हणतो.

यंत्रमानव थकत नाही, कंटाळत नाही. तो कारखान्यात मोटारीचे भाग जोडतो, शस्त्रक्रियेत डॉक्टरांना मदत करतो. केरळात २०१८ साली 'बँडिकूट' नावाचे यंत्र गटारे साफ करू लागले. गटारातील विषारी वायूने आपल्या देशात कितीतरी सफाई कामगारांचे प्राण घेतले आहेत. ज्या कामात माणसाचा जीव जातो, ते काम यंत्रानेच करावे, असे मला वाटते.

पण यंत्राकडे काम सोपवले, की आपली जबाबदारी संपते का? १९७९ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात, मोटारींच्या एका कारखान्यात, यंत्रमानवाचा आघात होऊन एक कामगार मरण पावला. समोर माणूस आहे, हे त्या यंत्राला कळलेच नाही. न्यायालयात जाब द्यावा लागला तो यंत्र बनवणाऱ्या कंपनीला.

लेखक आयझॅक आसिमोव्ह यांनी १९४२ साली एका कथेत यंत्रमानवासाठी तीन नियम मांडले. माणसाला इजा करू नये व होऊ देऊ नये, माणसाची आज्ञा पाळावी, स्वतःला जपावे. नियम चांगले आहेत. पण इजा म्हणजे काय, हे यंत्राला कोण समजावणार? म्हणून नियम आधी माणसांसाठी हवेत.

पहिला नियम : माणूस जवळ येताच यंत्र थांबले पाहिजे आणि ते बंद करण्याचे बटण हाताशी असले पाहिजे. दुसरा : अपघात झाल्यास 'यंत्राने केले' ही सबब चालू नये, बनवणाऱ्याने आणि वापरणाऱ्याने उत्तर द्यावे. तिसरा : यंत्रामुळे ज्याचे काम जाते, त्याला काम मिळवून द्यावे. केरळात सफाई कामगारांनाच बँडिकूट चालवायला शिकवले गेले. हे इतरत्रही का होऊ नये?

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी अशी यंत्रे बनवील, कोणी चालवील. तेव्हा यंत्र किती वेगाने चालते, हे जरूर पाहा. पण ते वेळेवर थांबते का, हे त्याआधी पाहा.