दिव्याच्या तीन गति

भर्तृहरीनें नीतिशतकांत धनाच्या तीन गति सांगितल्या आहेत: दान, भोग आणि नाश. घरांतील विजेच्या दिव्यासही हीच त्रयी लागू पडते, असें आम्हांस वाटतें. ज्या दिव्याखालीं मूल अभ्यास करतें किंवा गृहिणी तांदूळ निवडते, त्याचा भोग झाला. ओसरीवरील ज्या दिव्याच्या उजेडांत वाटसरू खांचखळगा चुकवितो, त्याचें दान झालें. परंतु ज्या खोलींत कोणीच नाहीं तेथें जळणारा दिवा कोणत्या सदरांत घालावा? त्याचा केवळ नाशच होय.

यावर सुशिक्षित गृहस्थांचें उत्तर ठरलेलें असतें: "हल्लींचे दिवे वीज खातात तरी किती?" हें उत्तर अगदींच खोटें नाहीं. पूर्वींचा ६० वॅटचा गोळा जेवढा उजेड देई, तेवढा आज ९ वॅटचा एलईडी दिवा देतो. जुन्या गोळ्यांत बहुतेक वीज उष्णता होऊनच जाई. केंद्र सरकारनें २०१५ सालीं उजाला योजना सुरू केली व तिच्या द्वारें ३६ कोटींहून अधिक असे दिवे स्वस्त दरानें घरोघर गेले. एका युनिटांत जुना गोळा साडेसोळा तास जळे. नवा दिवा एकशें अकरा तास जळतो.

पण येथेंच मनुष्यस्वभाव आडवा येतो. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानें १८६५ सालीं कोळशावरील आपल्या ग्रंथांत दाखवून दिलें कीं, वाफेचें यंत्र जसजसें थोड्या कोळशांत काम करूं लागलें, तसतसा कोळशाचा एकूण खप कमी न होतां वाढतच गेला. आमच्या घरांतून दुसरें काय चाललें आहे? एका गोळ्याच्या जागीं छतांत सहा दिवे बसले आणि बटण बंद करण्याची जुनी संवय सुटली. दिवा काटकसरी झाला, हात उधळा झाला.

थोडा हिशेब मांडून पाहूं. न्हाणीघर, जिना, माजघर अशा ठिकाणचे ९ वॅटचे पांच दिवे रोज पांच तास निष्कारण जळले, तर महिन्यास पावणेसात युनिटें होतात. मागील अंगणांतील २० वॅटची एक ट्यूब रोज रात्रीं दहा तास तशीच राहिली, तर आणखी सहा. शिवाय महाराष्ट्रांत घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्यानें चढतो; शंभर युनिटांनंतरचा दर बराच वरचा आहे. पंचाण्णव युनिटांत भागणारें घर याच पावणेतेरा युनिटांपायीं शंभरी ओलांडतें, व जास्तीच्या युनिटांवर हा चढा दर पडतो.

परंतु देयक भरण्याची ऐपत आहे म्हणून प्रश्न संपत नाहीं. भंडाऱ्याहून नागपुराकडे जातांना मौद्याचें २३२० मेगावॅटचें औष्णिक केंद्र आहे. पूर्वेस तिरोडा येथें ३३०० मेगावॅटचें आहे. तिरोडा हें गांव १९९९ सालीं गोंदिया जिल्हा निराळा होईपर्यंत आमच्याच जिल्ह्यांत होतें. दोन्ही केंद्रें कोळसा जाळतात, आणि दोहोंस पाणी लागतें तें वैनगंगेचें. एका युनिटास अर्धा ते पाऊण किलो कोळसा धरला, तर वर उल्लेखिलेल्या घराच्या वर्षभराच्या नाशास सुमारें एक क्विंटल कोळसा लागतो. आणि आपल्या देशी कोळशाचा तिसरा हिस्सा राख म्हणूनच मागें उरतो. ज्या नदीच्या पाण्यावर आमचे धानाचे बांध अवलंबून आहेत, तिचें पाणी रिकाम्या खोलीसाठीं कां खर्चावें?

कोणी म्हणतील, आतां सूर्यशक्ति आली आहे. आली खरी, पण दिवे लागतात सूर्य मावळल्यावर. त्या वेळीं छपरावरील सौरपट निजलेले असतात आणि सायंकाळचा भार मुख्यतः कोळशावर व कोयनेसारख्या जलविद्युत् केंद्रांवर पडतो. दिवा पुनः लावण्यांतच अधिक वीज जाते, हाही एक रूढ गैरसमज आहे. सुरू होतांना जादा वीज लागली तरी ती क्षणाच्या अंशापुरती. जुन्या ट्यूबा वारंवार लावल्यानें लवकर खराब होत, ही गोष्ट खरी. एलईडी दिव्यास तें भय नाहीं.

तिन्हीसांजेस घर अंधारांत नसावें, असें वडीलधारीं मंडळी म्हणतात. आम्हीही तसेंच म्हणतों. पण लक्ष्मीस्तव देवघरांत समई व दारांत एक दिवा पुरे. बाराही खोल्या उजळल्याच पाहिजेत असें कोणतेंही शास्त्र सांगत नाहीं. उलटपक्षीं, भलत्या ठिकाणीं कृपणताही नको. वृद्धांच्या वाटेवर रात्रीं अर्ध्या वॅटचा बारीक दिवा अवश्य असावा. पावसाळ्यांत विंचूसर्पांच्या दिवसांत अंगणांत उजेडावांचून पाऊल टाकूं नये. हा भोगच आहे, नाश नव्हे.

मग करावें काय? खोलींतून जो शेवटीं निघेल त्यानें बटण बंद करावें. शेजारींच पंख्याचें बटण असतें, तेंही पाहावें, कारण साधा पंखा आठ दिव्यांइतकी वीज घेतो. महिन्याच्या पहिल्या तारखेस मीटरचा आंकडा टिपून ठेवण्याचें काम घरांतील एखाद्या मुलाकडे द्यावें. वजाबाकी त्याची त्यालाच पटते. आणि रात्रीं दाराची कडी लावण्याचें काम ज्याचें असेल, त्यानेंच निजण्यापूर्वीं सर्व घरांतून एक फेरी करून दिवे मालवावे.