दुकान परत आलं, ऑर्डरी गेल्या

गेल्या दिवाळीच्या बारा दिवस आधीची गोष्ट. रात्री साडेअकराला फोन वाजला. बडोद्याहून मावशीची सून बोलत होती. तिचा आवाज ऐकून मी आधी विचारलं, "घरी सगळे बरे आहेत ना?"

"सगळे ठीक आहेत ताई. दुकान गेलं."

दुकान म्हणजे मावशीचं ऑनलाइन दुकान. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, डांगराचं पीठ. बडोद्यात मराठी घरं कितीतरी पिढ्यांपासून आहेत, पण मावशीची निम्मी गिऱ्हाइकं बाहेरची. हैदराबाद, इंदूर, बंगळूर, थेट गुवाहाटी. जिथे कोपऱ्यावरच्या दुकानात थालिपिठाची भाजणी मागितली तर दुकानदार नुसता बघत राहतो, तिथली ही मंडळी. सुनेने चार महिन्यांपूर्वी वर्डप्रेसवर वूकॉमर्स बसवून साइट उभी केली आणि हौसेने सजवली. हळदी रंग, मराठी अक्षरं, 'ॲड टू कार्ट'च्या जागी 'पिशवीत टाका'. त्या रात्री तिने थीमचं अपडेट आलेलं पाहून बटण दाबलं आणि दोन मिनिटांत हळदी रंग गेला, पिशवी गेली, सगळं पांढरंफटक.

एवढंच झालं असतं तर ही गोष्ट सांगायची गरज नव्हती. खरा घोळ पुढे झाला. सर्व्हरच्या कंपनीच्या पॅनेलवर रविवारचा बॅकअप होता. ती रात्र गुरुवारची. तिने 'पूर्ण रिस्टोअर' दाबलं, हळदी रंग परत आला, ती झोपली. सकाळी मावशीने विचारलं, "हैदराबादच्या त्या बाईंची दोन किलो भाजणी आज पाठवायची आहे ना, पत्ता काढून दे." पत्ता नव्हता. ऑर्डरच नव्हती. रविवारपासून आलेल्या सगळ्याच ऑर्डरी नव्हत्या.

नवं दुकान उघडणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच असतं. साइट म्हणजे एक वस्तू नव्हे, दोन. एका बाजूला फाइली: थीम, प्लगिन, मालाचे फोटो. दुसऱ्या बाजूला डेटाबेस, म्हणजे दुकानाची वही: ऑर्डरी, पत्ते, किमती, शिल्लक माल. फाइली तुम्ही हात लावाल तेव्हाच बदलतात. वही दर गिऱ्हाइकागणिक बदलते. इथे आजार फाइलींना झाला होता आणि सुनेने औषध वहीलाही पाजलं. फक्त थीमचा फोल्डर रविवारच्या बॅकअपमधून आणला असता तर एकही ऑर्डर हलली नसती. अपड्राफ्टप्लससारख्या बॅकअप प्लगिनमध्ये परत आणताना थीम, प्लगिन, फोटो, डेटाबेस अशा वेगवेगळ्या चौकटी येतात, आणि हवी तेवढीच चौकट निवडता येते. गडबडीत माणूस सगळ्यांवर टिक करतो. करू नका.

वही मागे गेली की आणखी एक गंमत होते, जी आधी कोणी सांगत नाही. ऑर्डरीचे क्रमांकही मागे जातात. शुक्रवारी सकाळी नवं गिऱ्हाईक आलं, त्याला जो क्रमांक मिळाला तोच सोमवारी दुसऱ्या कोणाला दिला गेला होता. शिल्लक मालाचा आकडाही रविवारचा, त्यामुळे संपलेला गोडा मसाला साइटवर भरपूर दिसत होता आणि लोक तो मागवत होते.

मावशी वाचली ती ईमेलमुळे. दर नव्या ऑर्डरीला वूकॉमर्स दुकानदाराला एक ईमेल पाठवतं. त्यात नाव, पत्ता, माल, रक्कम सगळं असतं. ते ईमेल साइटवर नसतात, तुमच्या मेलबॉक्समध्ये असतात, म्हणून रिस्टोअरच्या तडाख्यातून सुटतात. यूपीआयने आलेले पैसे पेमेंट गेटवेच्या खात्यात दिसत होते, ते ताडून पाहिले. दोन दिवस सासू-सुना वही-पेन घेऊन बसल्या. तुमच्या साइटवर ही ईमेलची सोय चालू आहे का आणि ते मेल स्पॅममध्ये तर जात नाहीत ना, हे आजच बघा. शिवाय ते पुसू नका. मेलबॉक्स आवरायची सवय चांगली, पण या मेलांपुरती सोडा.

आता मुळाकडे येऊ. अपडेटने सजावट का पुसली? कारण तिने थेट मूळ थीमच्या फाइलीत लिहिलं होतं. भाड्याच्या घरात भिंतीवरच चित्र काढलं तर घरमालकाचा रंगारी येतो त्या दिवशी ते जातं. तसबीर टांगली असती तर उतरवून पुन्हा लावता आली असती. थीम ही बनवणाऱ्याची भिंत. अपडेट म्हणजे तो जुन्या फाइली काढून नव्या ठेवतो. अपडेट टाळून चालत नाही, कारण त्यात बऱ्याचदा सुरक्षेच्या दुरुस्त्या असतात.

म्हणून चाइल्ड थीम करायची. मूळ थीमच्या शेजारी एक छोटा फोल्डर, त्यात तुमचे बदल तेवढे. मूळ थीम कितीदाही बदलो, तुमचा फोल्डर तसाच राहतो. नुसते रंग आणि अक्षरांचा आकार बदलायचा असेल तर एवढंही लागत नाही. जुन्या पद्धतीच्या थीममध्ये 'कस्टमाइझ'मध्ये 'ॲडिशनल सीएसएस' नावाची जागा असते आणि तिथे लिहिलेलं डेटाबेसमध्ये साठतं, अपडेटने जात नाही. मात्र ते त्या थीमपुरतं असतं. थीमच बदललीत तर पुन्हा लिहायचं. नव्या, ब्लॉक पद्धतीच्या थीममध्ये 'एडिटर'मधून केलेले बदलही डेटाबेसमध्येच जातात. 'पिशवीत टाका'सारखे शब्द बदलायला लोको ट्रान्सलेटसारखी भाषांतराची प्लगिन आहे, तिथेही स्वतःचं भाषांतर वेगळ्या 'कस्टम' जागी ठेवायचा पर्याय निवडा.

सजावटीबद्दल माझी मतं थोडी जुनाट आहेत. फिरत्या चित्रांच्या पट्ट्या, आपोआप उघडणाऱ्या चौकटी, कोपऱ्यात उड्या मारणारं व्हॉट्सॲपचं चिन्ह, हे सगळं पहिल्या महिन्यात लावू नका. गिऱ्हाईक फोनवर आहे, बसमध्ये आहे, रेंज येतेय-जातेय. फोटो हलके करा. मराठीसाठी मुक्त किंवा बलू यांसारखी अक्षरं घ्या. मुंबईच्या एक टाइपने बनवलेली ही अक्षरं मोफत आहेत आणि लहान पडद्यावर नीट वाचता येतात. पदार्थाचं नाव देवनागरीत जरूर लिहा, पण पानाच्या पत्त्यात रोमन अक्षरंच ठेवा. देवनागरी पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवला की बहुतेकदा टक्क्याच्या खुणांची आणि आकड्यांची हातभर माळ होते आणि काकूंना वाटतं, हा फसवणुकीचाच मेसेज. हे दुकान उघडण्याआधी ठरवा. नंतर पत्ते बदलले की जुने दुवे तुटतात.

दुकानाच्या पायथ्याशी नाव, पूर्ण पत्ता आणि तक्रार कोणाकडे करायची ते लिहा. ग्राहक संरक्षणाच्या २०२० सालच्या ई-कॉमर्स नियमांची ती अपेक्षा आहे. खाण्याचे पदार्थ विकत असाल तर एफएसएसएआयचा क्रमांकही. नियम बाजूला ठेवला तरी, अनोळखी दुकानात पैसे भरणारा माणूस हेच शोधतो.

आणि एक सांगते, राग मानू नका. पाच हजारांची थीम कोणी फुकटात देत असेल तर घेऊ नका. चोरीच्या थीममध्ये बऱ्याचदा कोणीतरी मागचं दार उघडं ठेवलेलं असतं. मग तुमच्या प्रत्येक बॅकअपमध्येही ते दार जातं आणि रिस्टोअर करून काही उपयोग होत नाही.

बॅकअप किती वेळा घ्यायचा, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. उलटा प्रश्न विचारा: किती तासांच्या ऑर्डरी हाताने पुन्हा लिहायची तुमची तयारी आहे? दिवसाला दोन ऑर्डरी येत असतील तर वहीचा बॅकअप रोज एकदा पुरे. दिवाळीत चाळीस येत असतील तर दर काही तासांनी. फाइलींचा आठवड्यातून एकदा, आणि कुठलंही अपडेट किंवा बदल करण्याआधी आठवणीने. वर्डप्रेसमधली 'एक्स्पोर्ट'ची सोय म्हणजे बॅकअप नव्हे, हा गैरसमज फार आहे. त्यात लेख आणि पानं येतात. फोटोंच्या फाइली, थीम आणि सेटिंग येत नाहीत. आणखी एक खोच: वर्डप्रेसचं घड्याळ साइटवर कोणी आलं की चालतं. नव्या दुकानात रात्रभर कोणी फिरकलंच नाही तर दोन वाजताचा बॅकअप सकाळी पहिलं गिऱ्हाईक आल्यावर होतो. तारीख-वेळ अधूनमधून डोळ्यांनी पाहा.

ठेवायचा कुठे, ते त्याहून महत्त्वाचं. १० मार्च २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग शहरात ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि सर्व्हरची पाच मजली इमारत जळून गेली. असंख्य साइट बंद पडल्या. ज्यांचे बॅकअप दुसऱ्या ठिकाणी होते ते काही दिवसांत उभे राहिले. काहींचे बॅकअप मात्र त्याच आवारात होते, आणि वही व तिची नक्कल एकत्रच गेली. साइट जिथे आहे तिथेच बॅकअप ठेवण्यात हा धोका. म्हणून प्लगिनला गूगल ड्राइव्ह किंवा तशीच दुसरी जागा जोडून द्या. दुकानासाठी वेगळं गूगल खातं काढा. मोफत मिळणारी १५ जीबी जागा मेल, फोटो आणि ड्राइव्ह मिळून असते. नातवंडांच्या व्हिडिओंनी ती भरली की बॅकअप थांबतात आणि मेल येणंही बंद होतं. म्हणजे मावशीला ज्याने वाचवलं तेही गेलं.

त्या बॅकअपमध्ये तुमच्या गिऱ्हाइकांचे पत्ते आणि फोन नंबर आहेत, हे विसरू नका. ती झिप फाइल साइटच्याच फोल्डरात पडू देऊ नका, डिझाइन करून देणाऱ्या पोराला व्हॉट्सॲपवर पाठवू नका, आणि ड्राइव्हच्या खात्याला दुहेरी पडताळणी लावा.

शॉपिफायसारख्या ठिकाणी दुकान असेल तर सर्व्हरची काळजी त्यांची. पण तुमच्या हातून माल पुसला गेला तर तो परत आणणं तुमचं काम. माल, गिऱ्हाइकं, ऑर्डरी यांच्या याद्या महिन्यातून एकदा उतरवून घ्या आणि थीमला हात लावण्याआधी तिची 'डुप्लिकेट' काढा.

राहिलं एकच, आणि तेच लोक टाळतात. घेतलेला बॅकअप उघडून पाहिलाय का? ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या संगणकतज्ज्ञांच्याच कंपनीत एका इंजिनीअरने थकलेल्या अवस्थेत चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. बॅकअपच्या अनेक व्यवस्था होत्या. उघडून पाहिलं तर नेहमीचा बॅकअप कितीतरी दिवस होतच नव्हता, आणि तो होत नाही हे सांगणारे ईमेलही पोचत नव्हते. शेवटी सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी कोणीतरी सहज काढलेली एक प्रत कामाला आली. सहा तासांचं काम मात्र कायमचं गेलं.

तुमची तालीम सोपी आहे. बऱ्याच सर्व्हर कंपन्या 'स्टेजिंग' म्हणून साइटची एक खासगी नक्कल देतात. तिथे बॅकअप परत आणा. दुकान उघडतंय का, फोटो दिसतात का, शेवटची ऑर्डर आहे का, पाहा. नवे रंग, नवी थीमही आधी तिथेच वापरून बघा. पण तिथलं काम खऱ्या दुकानावर ढकलताना फक्त फाइली ढकला. डेटाबेसही ढकललात तर जुनी वही नव्या वहीवर बसते, आणि तुम्ही मावशीच्या शुक्रवारी सकाळी जाऊन पोचता.

हैदराबादच्या बाईंना भाजणी वेळेवर गेली. यंदा सुनेने चाइल्ड थीम केलीय, वहीचा बॅकअप दर चार तासांनी ड्राइव्हवर जातो. मावशीचा ड्राइव्हवर अजून विश्वास नाही. ती महिन्याच्या पहिल्या रविवारी सुनेकडून पासवर्ड घातलेली एक प्रत पेनड्राइव्हवर घेते, त्याला चिकटपट्टी लावून वर तारीख लिहिते आणि संध्याकाळी फिरायला जाताना कारेलीबागेतल्या नणंदेच्या कपाटात ठेवून येते. आधीच्या महिन्याचा परत आणते.