व्यायामानंतरची विश्रांति

हल्लीं सुशिक्षित घरांतील तरुणांनाच नव्हे, तर पन्नाशी उलटलेल्या गृहस्थांना व गृहिणींनाही वजनें उचलण्याच्या व्यायामाची गोडी लागत चालली आहे, ही आनंदाची गोष्ट होय. वयाबरोबर स्नायू झिजतात. ती झीज थोपविण्यास ह्यासारखा उपाय नाहीं. परंतु ह्या उत्साहासोबत एक समजूतही घरांत शिरली आहे. व्यायाम रोज करावा, त्याच अंगाचा करावा, ठणका लागेपर्यंत करावा. आणि ठणका असह्य झाला म्हणजे गोळी घ्यावी! ह्या गोळीविषयीं, व तिच्या आधीं विश्रांतीविषयीं, चार शब्द लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

स्नायू दुखतात ते आम्ल सांठल्यामुळें, असें आजही पुष्कळजण सांगतात. पण लॅक्टिक आम्ल तासाभरांत रक्तांतून बहुतेक नाहींसें होतें, आणि दुखणें तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं ऐन भरांत येतें. बॉस्टन येथील थिओडोर हफ ह्यांनीं १९०२ सालींच असें प्रतिपादिलें होतें कीं, हें उशिरानें येणारें दुखणें थकव्याचें नसून स्नायूंच्या आंत झालेल्या सूक्ष्म फाटाफुटीचें असावें. ताणला जात असतांना ज्या स्नायूस भार पेलावा लागतो, त्यास ही इजा अधिक होते. सिंहगड चढतांना धाप लागते खरी, पण दुसऱ्या दिवशीं मांड्या भरून येतात त्या उतरण्यामुळें. बैठकेंतही खालीं जाणेंच अधिक बाधतें.

इजा झाली कीं त्या जागीं दाह सुरू होतो. दाह म्हणतांच वाचक दचकतात, पण येथें तो शत्रु नव्हे. कांहीं तासांत एका जातीच्या श्वेतपेशी तेथें जमून मोडतोड साफ करूं लागतात. त्यांच्यामागून मोठ्या भक्षकपेशी येतात. ह्यांचें वर्तन मोठें मनोवेधक आहे. प्रथम त्या दाह वाढवितात, आणि मोडतोड उपसून झाली म्हणजे पवित्रा बदलून तोच दाह शमवितात व नव्या बांधणीस उत्तेजन देतात. स्नायुतंतूंच्या कडेस निजलेल्या राखीव पेशी, ज्या १९६१ सालीं अलेक्झांडर मॉरो ह्यांनीं प्रथम दाखवून दिल्या, त्या जाग्या होऊन डागडुजीस लागतात. फुटकीं कौलें उतरल्यावांचून घर शाकारतां येत नाहीं, तसाच हा प्रकार.

ह्या कामास कांहीं दिवस लागतात. म्हणून नवशिक्यानें एकाच अंगाच्या दोन व्यायामांत निदान ४८ तासांचें अंतर ठेवावें, हा सल्ला आम्हांस पटतो. आज पायांचा व्यायाम झाला, तर उद्यां हातांचा करावा किंवा फिरावयास जावें. अंथरुणांत पडून राहण्याचें कारण नाहीं. मध्येंच पुन्हां व्यायाम केल्यास इजा दुप्पट होते, असें मात्र नव्हे. प्रयोगांत तसें आढळलेलें नाहीं. तोटा असा कीं, उतरलेली शक्ति परत आलेली नसते, व अपुऱ्या शक्तीनें केलेला व्यायाम हलका आणि वेडावांकडा होतो. शिवाय स्नायू सरावानें शहाणे होतात. तोच व्यायाम कांहीं आठवड्यांनीं पुन्हां केला, तर दाह व दुखणें दोन्ही पुष्कळ कमी असतात. तालमींत मुरलेल्या पैलवानाचा रोजचा क्रम नवशिक्यानें उचलूं नये, तो ह्याचकरितां.

आतां गोळी. स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेच्या, २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, तरुण स्त्रीपुरुषांकडून आठ आठवडे व्यायाम करविला. एका गटास रोज १२०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन दिलें, दुसऱ्यास अवघें ७५ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन. पहिल्या गटांतील मांडीच्या स्नायूंची वाढ दुसऱ्याच्या सुमारें निम्मीच भरली. बर्फाच्या पाण्याचेंही तेंच. २०१५ सालच्या ऑस्ट्रेलियांतील प्रयोगांत, दर व्यायामानंतर दहा मिनिटें गार पाण्यांत बसणाऱ्यांचे स्नायू, नुसती हलकी सायकल मारणाऱ्यांपेक्षां बारा आठवड्यांत कमी वाढले. दाह दडपला, तर त्याच्या पोटांतील कामही दडपलें जाण्याचा हा संभव आहे. वृद्धांस मात्र हा निष्कर्ष जसाच्या तसा लावूं नये. त्यांच्यावरील प्रयोगांत गोळीनें वाढ खुंटलेली दिसली नाहीं.

संधिवातादि विकारांकरितां डॉक्टरांनीं दिलेलीं औषधें हा लेख वाचून कोणीं बंद करूं नयेत. आणि अतिरेकी व्यायामानंतर लघवी चहाच्या कोऱ्या काढ्यासारखी काळपट झाली, तर विश्रांतीवर विसंबून न राहतां त्याच दिवशीं इस्पितळ गांठावें. स्नायू विरघळून मूत्रपिंडांस धोका पोंचत असल्याची ती खूण असूं शकते.