तिवरं वाढली, पण कुठे?

भरती-ओहोटी (साप्ताहिक सदर)

भारतीय वनस्थिती अहवालात महाराष्ट्रातलं कांदळवन २०१९ साली ३२० चौरस किलोमीटर होतं, २०२१ साली ते ३२४ झालं. अशी बातमी आली की सगळे खूश होतात. मी विचारतो, वाढलं ते कुठे?

ठाणे खाडीचंच घ्या. गाळ साचत गेला तशी तिवरं चिखलावर पुढे सरकली. उपग्रहाला ती हिरवळ दिसते आणि क्षेत्रात जमा होते. पण ओहोटीला उघडा पडणारा तोच चिखल म्हणजे फ्लेमिंगोंचं ताट. त्यांच्यासाठी इथे २०१५ साली अभयारण्य झालं, २०२२ साली रामसर दर्जा मिळाला, आणि ताट मात्र काठाकडून लहान होतंय. (म्हणून तिवरं तोडा, असा अर्थ कुणी बिल्डरने काढू नये. कांदळवनाचा नाश हा जगण्याच्या हक्कावरच घाला आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ सालीच बजावलंय.)

वजन वाढलं म्हणजे तब्येत सुधारली असं नाही. तब्येत बघायची तर चिखलात उतरावं लागतं. पाण्याच्या कडेपासून जमिनीकडे सरळ रेषा आखायची, तिच्यावर दहा बाय दहा मीटरचे चौकोन टाकायचे, प्रत्येक झाडाची जात लिहायची आणि छातीच्या उंचीवर घेर मोजायचा. कांदळाला टेप लावताना पंचाईत होते, कारण छातीच्या उंचीवर खोड नसतंच, नुसत्या कमानी मुळ्या. मग सगळ्यात वरच्या मुळीच्याही वर हात न्यायचा. हे सगळं पुढच्या भरतीआधी, गुडघाभर चिखलात.

एवढं करून हाती जातींची यादी येते आणि दुसरा मोह सुरू होतो: जाती जास्त, तर जंगल निरोगी. आचऱ्याच्या खाडीत कांदळ, चिपी, काजळा, डोळ्यांत चीक गेला तर आग करणारी हुरी अशी मिश्र वस्ती दिसते. ठाणे खाडीत बहुतेक तिवरच, कारण खारटपणा, गाळ आणि सांडपाणी सोसण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. पण ज्या कांदळवनात भरती पोचेनाशी होते, तिथे जमिनीवरची झुडपं शिरतात आणि यादी उलट लांबते. विविधतेचा निर्देशांक चढतो, जंगल मरत असतं. उरणच्या बाजूला भरावांनी पाणी अडलं, तिथे तिवरं उभ्या उभ्या वाळली.

उलटंही घडतं. पावसाळ्याच्या शेवटी मुंबईच्या खाड्यांत एका पतंगाच्या अळ्या तिवरांची पानं फस्त करतात. सगळं रान काड्यांचं होतं. लोक फोटो टाकतात, विषप्रयोगाची शंका घेतात. पुढे त्याच फांद्यांना पालवी येते. म्हणजे पाहणी कोणत्या महिन्यात केली, हेही यादीवर लिहायला हवं.

मला विचाराल तर मी झाडं सोडून आधी रोपं मोजीन. एक बाय एक मीटरच्या चौकटीत तिवरीची किती रोपं उगवली, आणि वर्षाने त्याच चौकटीत किती उरली. प्लास्टिकखाली श्वासमुळं गुदमरलीत का? खेकड्यांची बिळं ताजी आहेत की बुजलेली? काठावरच्या कोळणीला निवट्या मिळतात का? हा शेवटचा प्रश्न कुठल्याच तक्त्यात नसतो.

राज्याचा कांदळवन कक्ष २०१२ पासून आहे, २०२० साली पांढरी चिपी राज्याचा कांदळवृक्षही झाली. पण जुन्या चौकोनांवर परत जाण्याची आपल्याला सवय नाही. दर पाहणीला नवी जागा, नवा आकडा. खाडीच्या चिखलात रोवलेला खुंटा दोन पावसाळे टिकवणं अवघड असतं, हे खरं. तरी खुंट्याची जागा मोबाइलमध्ये नोंदवून ठेवायला पैसे पडत नाहीत.

— खाडीकर