दाण्याची पिशवी आणि अभयदान



मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीची वार्षिक सभा झाली. पाण्याची टाकी झाली, लिफ्टचा खर्च झाला आणि शेवटचा विषय निघाला, 'गॅलरीत व गच्चीवर कबुतरांना दाणे टाकणे बंद करण्याबाबत'. विषय वाचला आणि चार-पाच माना माझ्याकडे वळल्या. आमच्या बिल्डिंगमध्ये जैनांची घरं दोनच. आता काकू उठणार आणि धर्माचं काहीतरी बोलणार, असं सगळ्यांना वाटलं असावं. मी उठले आणि ठरावाला अनुमोदन दिलं.

रात्री मंदिरातल्या एका ताईंचा फोन आला. त्या एवढंच म्हणाल्या, "तुम्हीसुद्धा?" फोनवर मला नीट सांगता आलं नाही. म्हणून आज लिहिते आहे.

कोथरूडला राहायला आल्यापासून आमच्या घरात कबुतरांना ज्वारी टाकायची पद्धत होती. सासूबाई सांगलीकडच्या. गावी त्यांच्या अंगणात चिमण्या, साळुंक्या, होले यायचे. इथे अंगण नाही, म्हणून गॅलरीचा कट्टा. सकाळी अभिषेकाहून आल्यावर ओंजळभर ज्वारी कट्ट्यावर टाकल्याशिवाय त्या चहा घेत नसत. त्यांच्या मागे मी ते चालू ठेवलं. महिन्याच्या किराणा यादीत 'पक्ष्यांची ज्वारी ५ किलो' ही ओळ वीस वर्षं होती. मी कॉमर्सची, हिशेब लिहायची सवय. पण या खर्चासमोर नेमकं काय जमा होतंय, हे मी कधी तपासलं नाही. पुण्य जमा होतंय असं धरून चालले.

दोन वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या वहिनींना खोकला लागला. महिने गेले तरी जाईना, जिना चढताना दम लागू लागला. कबुतरांच्या विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं श्वासात गेली, की काही जणांच्या फुप्फुसांना कायमची सूज येते, फुप्फुसं कडक होत जातात. तोच आजार निघाला. डॉक्टरांनी त्यांना पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "घराजवळ कबुतरं आहेत का?" हे मला वहिनींनी सांगितलं नाही. तीन महिन्यांनी लिफ्टमध्ये त्यांच्या सूनबाईच्या तोंडून ओघात निघालं. माझा कट्टा आणि त्यांच्या झोपायच्या खोलीची खिडकी यांत चार फुटांचंही अंतर नाही. मला वाईट वाटेल म्हणून ती बाई खिडकी बंद करून खोकत राहिली आणि मी रोज सकाळी जीवदया करत होते.

त्या वर्षी क्षमावाणीच्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्या दारात गेले. आपण त्या दिवशी सगळ्यांना 'उत्तम क्षमा' म्हणतो, मेसेज पाठवतो. पण नेमकी कोणत्या गोष्टीची क्षमा मागतोय, हे तोंडाने सांगणं किती जड जातं ते मला त्या दिवशी कळलं.

ज्वारी बंद केली. मग मी जरा वाचायला लागले, बघायला लागले, आणि लक्षात आलं की या व्यवहारात माणसांचंच काय, पाखरांचंही भलं होत नव्हतं.

कबूतर मूळचं कडेकपारींत राहणारं. गडांच्या कड्यांवर, जुन्या विहिरींच्या कोनाड्यांत ते असायचंच. आपण उंच इमारती बांधल्या, त्यांचे कट्टे आणि एसीचे कोनाडे त्याला कड्यासारखेच सोयीचे झाले. त्यात आयते दाणे मिळू लागले. पोट भरलेलं असलं की कबुतराला विणीसाठी ऋतू लागत नाही. दोन-दोन अंडी, वर्षातून अनेकदा. संख्या वाढली की लोक वैतागतात, जाळ्या लावतात, खिळ्यांच्या पट्ट्या बसवतात. आमच्याच बिल्डिंगच्या एका जाळीत गेल्या उन्हाळ्यात शिंजीर अडकला, तो अंगठ्याएवढा जांभळट, फुलातला मध पिणारा पक्षी. दुपारपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही. सांडलेल्या दाण्यांवर उंदीर आले, उंदरांसाठी सोसायटीने विष ठेवलं. पावसाळ्यात कट्ट्यावरची ज्वारी भिजून तिच्यात अळ्या झाल्या. चातुर्मासात घरातलं धान्य आपण किती डोळ्यांत तेल घालून निवडतो! आणि बाहेर मात्र मीच जीव उत्पन्न करत होते आणि मीच झाडूने लोटत होते.

बाकीच्या पक्ष्यांचं काय झालं, तेही बघा. 2023 साली देशातल्या पक्ष्यांची स्थिती सांगणारा मोठा अहवाल आला. सुमारे 30 हजार पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरून तो तयार केला होता. ज्या 338 जातींबद्दल बऱ्याच वर्षांचा कल सांगता आला, त्यांतल्या 204 कमी झाल्या आहेत. वाढलेल्या फक्त 36. त्या वाढलेल्या मोजक्यांत आपलं कबूतर आहे. म्हणजे माझी ५ किलो ज्वारी ज्याला गरज नव्हती त्याच्याच खात्यात जात होती.

"पण मग ती उपाशी मरतील," असं ताई म्हणाल्या. मलाही तीच भीती होती. म्हणून मी एकदम बंद केलं नाही, महिनाभर थोडं थोडं कमी केलं. कबूतर उडण्यात पटाईत, अन्न शोधत दूरवर जातं. माझ्या कट्ट्यावरची गर्दी दोन महिन्यांत पांगली. कट्ट्याखाली एकही मेलेलं दिसलं नाही.

"खीचनला आपलेच लोक दाणे टाकतात, त्याचं सगळं जग कौतुक करतं," हाही मुद्दा निघतो. खरं आहे. राजस्थानात फलोदीजवळच्या खीचन गावात जैन कुटुंबांनी कित्येक वर्षं कुरजांना दाणे घातले. मंगोलिया आणि मध्य आशियाकडून हजारोंनी येणारे हे क्रौंच. 2025 मध्ये त्या जागेला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, मलाही अभिमान वाटला. पण कुरजा थंडीपुरत्या येतात, उघड्या माळावर उतरतात आणि ऋतू फिरला की आपल्या मुलखात परत जातात. गावानं त्यांचं पाहुणेपण सांभाळलं. कोणाच्या झोपायच्या खोलीबाहेर बारा महिन्यांचं बिऱ्हाड नाही थाटून दिलं.

माझी लेक इंग्लंडमध्ये लेस्टरला असते. तिच्याकडे गेले तेव्हा पाहिलं, तिकडे घरोघरी बागेत पाखरांसाठी दाण्यांची भांडी टांगलेली असतात. मला वाटलं, बघा, गोरे लोकही जीवदया करतात. पुढे तिनेच सांगितलं की तिथेही डोळे उघडायची वेळ आली आहे. ग्रीनफिंच नावाची चिमणीएवढी हिरवट पाखरं तिकडे घराघरांतून यायची. कबुतरांच्या जातीत जुना असलेला घशाचा एक रोग 2005 च्या सुमारास या पाखरांत शिरला. घसा सुजतो, दाणा गिळता येत नाही, पाखरू दाण्यांच्या ढिगाजवळ बसून उपाशी मरतं. एकाच तबकात सगळ्यांच्या चोची पडतात, तिथून तो पसरतो. ग्रीनफिंच निम्म्याहून कमी उरली आणि 2021 मध्ये तिला धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत टाकावं लागलं. तिथली पक्षीरक्षणाची सगळ्यात मोठी संस्था, रॉयल सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ बर्ड्स, हिने 2025 च्या सुरुवातीला दाण्यांची सपाट तबकं विकणंच थांबवलं. स्वतःच्या विक्रीतली वस्तू पाखरांना बाधत असेल तर ती बाजूला ठेवायची, याला मोठेपणा लागतो.

ही संस्था सुरू कशी झाली, ते कळलं तेव्हा तर मी थक्क झाले. ती सुरू केली बायकांनी, आणि दाणे टाकण्यासाठी नव्हे. त्या काळी तिकडच्या श्रीमंत बायका टोप्यांवर पक्ष्यांची पिसं मिरवायच्या. बगळ्यांची सुंदर पिसं विणीच्या दिवसांतच येतात, म्हणून नेमके तेव्हाच बगळे मारले जायचे आणि पिल्लं घरट्यात तडफडून मरायची. 1889 मध्ये मँचेस्टरजवळ एमिली विल्यमसन या बाईंनी आपल्या घरी मैत्रिणी जमवल्या आणि पिसं न वापरण्याची शपथ घ्यायला लावली. मतदानाचा हक्क नव्हता त्यांना. 1921 मध्ये पिसांची आयात बंद करणारा कायदा झाला. सुरुवात मात्र झाली ती बायकांनी घरात बसून घेतलेल्या एका नियमापासून. आपल्या भाषेत सांगायचं तर ते व्रतच होतं.

आणि पिसांचं हे शहाणपण तर आपल्याकडे किती जुनं! मुनी महाराजांच्या हातातली पिच्छी मोरपिसांची असते, पण ती मोराने आपणहून गाळलेली. मोराला धक्का न लावता जे मिळेल तेवढंच घ्यायचं. आणि ती वापरायची कशासाठी, तर बसण्याआधी जमिनीवरचा बारीक जीव अलगद बाजूला करण्यासाठी. त्याला काही द्यायचं नाही, आपल्यामुळे त्याला त्रास होऊ द्यायचा नाही.

जिवाणी आठवते का? माझी आई विहिरीचं पाणी गाळायची आणि गाळण्यातलं उरलेलं पाणी पुन्हा त्याच विहिरीत, कळशी खालपर्यंत सोडून, हलकेच ओतायची. दुसऱ्या विहिरीत नाही, अंगणात नाही. जो जीव जिथला, तिथेच त्याला परत सोडायचा. लहानपणी मला ते उगाचच सोवळं वाटायचं. आता वाटतं, जीवदयेचा अर्थ आईने मला त्या कळशीतून शिकवला होता. जीवाला आपल्या दारात ओढून आणायचं नाही, त्याची जागा त्याला राखून द्यायची. चार दानांत आहारदान आहे, तसंच अभयदानही आहे. आहारदान आपल्याला सोपं जातं, कारण पिशवी उघडली की झालं, आणि ते चारचौघांना दिसतंही.

2025 च्या पावसाळ्यात मुंबईत कबुतरखाने बंद करण्यावरून जे झालं ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. दादरच्या कबुतरखान्यावरची ताडपत्री फाडली गेली, त्यात आपल्या बायकाही पुढे होत्या. उच्च न्यायालयाने लोकांच्या आरोग्याचा विचार आधी केला, सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. ज्यांनी आंदोलन केलं त्यांच्या मनातली दया खोटी होती असं मी म्हणणार नाही. माझीही खोटी नव्हती. पण शेजाऱ्याच्या फुप्फुसाची हिंसा पदरात घेऊन पाखरांची अहिंसा कशी साधेल? आणि एवढी ताकद आपल्यात आहे, तर ती आपल्याच टेकडीसाठी का दिसत नाही?

कोथरूडकर मैत्रिणींना वेताळ टेकडी सांगायला नको. तिथे मोर आहेत, सातभाई आहेत, कोतवाल आणि वेडे राघू आहेत. बालभारती ते पौड फाटा रस्त्याच्या प्रश्नावर 2023 च्या एप्रिलमध्ये पुणेकर मोर्चाने उतरले. मी नव्हते. गुडघ्याचं निमित्त होतं, पण खरं म्हणजे तो आपला विषय आहे असं वाटलंच नव्हतं. पिच्छीला नमस्कार करणाऱ्या बाईला मोराच्या घराचा प्रश्न आपला वाटत नाही, याची आता लाज वाटते.

मग करायचं काय? मी काय करते ते सांगते. कट्ट्यावर ज्वारीऐवजी उथळ मातीचं भांडं असतं. रोज सकाळी घासून गाळलेलं पाणी भरते आणि संध्याकाळी ओतून टाकते, म्हणजे त्यात डासांच्या अळ्या होत नाहीत. कुंड्यांत जास्वंद आहे, शिंजिरासाठी. सोसायटीच्या मागच्या पट्ट्यात शोभेच्या झुडपांऐवजी उंबर लावून घेतला. त्याची फळं आपल्याला वर्ज्य, पण तांबट-बुलबुलांना तीच पंगत. ज्वारीचे महिन्याचे पैसे वेगळ्या डब्यात पडतात आणि संक्रांतीनंतर मांजात जखमी झालेल्या पक्ष्यांच्या उपचारासाठी जातात. नायलॉन मांजावर 2017 पासून बंदी आहे. तरी नातवाच्या फिरकीवर नजर आजीनेच ठेवायला हवी. आणि दिवाळीनंतर एकदा भिगवणला जाऊन या. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब उजनीच्या पाण्यावर उतरतात. त्यांना आपल्याकडून एक दाणाही नको असतो. पाणी स्वच्छ हवं आणि कोणी हुसकावून लावायला नको, एवढंच.

येत्या दशलक्षणात उत्तम त्यागाच्या दिवशी आपण कोणती तरी भाजी, गोड, नाहीतर नवी साडी सोडण्याचा नियम घेतो. यंदा ज्यांच्या घरी ती दाण्याची पिशवी आहे, त्यांनी ती सोडण्याचा नियम घ्यावा, अशी माझी विनंती आहे. सासूबाईंची सवय सोडताना मला अपराधी वाटलं होतं, तुम्हालाही वाटेल. दोन दिवस कबुतरं काचेवर चोची मारतील. त्या दोन दिवसांत शेजारच्या खिडकीकडे बघा.

वहिनींची खिडकी आता सकाळी उघडी असते. दम पूर्ण गेला नाही, जाणारही नाही म्हणतात. पण परवा त्यांनीच मला हाक मारून दाखवलं, उंबराच्या फांदीवर तांबट बसला होता.

जय जिनेंद्र.