अमोनियम नायट्रेट : परवाना आहे, माहितीचे काय?

लोणावळ्यानजीक द्रुतगती मार्गावर जून २०२३ मध्ये रसायनाचा टँकर पेटून चौघांचा बळी गेला. उर्से टोलनाक्यावरून जाणाऱ्या मालवाहनांत नेमके काय आहे, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. तळोजा येथेही तयार होणारे अमोनियम नायट्रेट खतनिर्मितीत आणि डिझेल मिसळून खाणींतील सुरुंगांसाठी वापरतात. हा पांढरा क्षार स्वतः जळत नाही; मात्र तापल्यावर आगीला प्राणवायू पुरवतो. त्यामुळे वाळूने आग विझत नाही, दुरून भरपूर पाणीच मारावे लागते. बैरुतमध्ये ४ ऑगस्ट २०२० रोजी अशाच साठ्याच्या स्फोटाने दोनशेहून अधिक जीव घेतले. भारतात २०१२ च्या नियमांनुसार याच्या वाहतुकीस परवाना सक्तीचा आहे. परंतु चालकास व अग्निशमन जवानास मालाचे गुणधर्म ठाऊक नसतील, तर ऐनवेळी तो परवाना निरुपयोगीच ठरेल.