तपासणीचा दिवस आणि रोजचा दिवस

बमरोली, पांडेसरा, उधना या सुरतेच्या भागांत यंत्रमाग व कापड-कारखान्यांच्या आधाराने खानदेशातून आलेली कितीतरी मराठी कुटुंबे स्थिरावली आहेत. आईवडील दोघेही कामावर जात असता घरातील दिव्यांग मुलाला दिवसभर कोणाच्या स्वाधीन करावे, हा अशा वस्तीतला बिकट प्रश्न. तो ओळखून कोणी सहृदय मंडळी विशेष शाळा किंवा दिवसाचे केंद्र काढतात, तेव्हा त्यांचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. तथापि केवळ सद्भावनेवर संस्था चालत नाही, याची जाणीव तपासणीची सूचना हाती पडल्यावर होते.

मग एकच धांदल उडते. भिंतींना रंग लागतो, मुलांना नवे गणवेश मिळतात, आणि मागील सहा महिन्यांच्या नोंदी एका रात्रीत, एकाच शाईने लिहून काढल्या जातात. अनुभवी अधिकाऱ्याला ही शाई प्रथमदर्शनीच ओळखू येते.

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ याच्या ५० व्या कलमानुसार नोंदणी प्रमाणपत्राशिवाय अशी संस्था स्थापन करता येत नाही अथवा चालवता येत नाही. आणि मुदत संपण्याच्या किमान ६० दिवस आधी नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो. विशेष शिक्षकांची नावे भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदपटात असावी लागतात व त्या नोंदणीचेही वेळोवेळी नूतनीकरण करावे लागते. संस्था सार्वजनिक न्यास असेल तर दरसालचे हिशेब तपासून घेणे ओघानेच आले. या तारखा कार्यालयाच्या भिंतीवर ठळक लिहून ठेवल्या, तर निम्मी धावपळ वाचते.

परंतु खरी कसोटी रोजच्या वहीची असते. फेफऱ्याचा विकार असलेल्या मुलाला दुपारची गोळी किती वाजता दिली, कोणी दिली, झटका आला असल्यास तो किती वेळ टिकला, हे त्याच क्षणी लिहिले गेले पाहिजे. घरी जाऊन काय घडले हे ज्या मुलाला सांगता येत नाही, त्याच्या वतीने ती वहीच बोलते. ती खोटी लिहिली गेली, तर फसतो तो अधिकारी नव्हे, ते मूल.

जागेचेही तसेच. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी मनोरुग्णांच्या एका आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ रुग्ण मृत्युमुखी पडले. आपल्या सुरतेत २४ मे २०१९ रोजी सरथाणा येथील तक्षशिला इमारतीच्या आगीत २२ विद्यार्थ्यांचा बळी गेला. जीव वाचवण्यासाठी कितीतरी मुलांनी वरून उड्या घेतल्या होत्या. धडधाकट मुलांची ही गत, मग चाकांच्या खुर्चीतल्या मुलाने काय करावे? म्हणून अग्निशामक नळकांड्यावरील भरणाची तारीख, बाहेर पडण्याची मोकळी वाट आणि एक फूट उंचीला निदान बारा फूट लांबी असा उतार या बाबी दरमहा पाहाव्यात. उतारावर सामानाची खोकी रचलेली असतील, तर तो असून नसल्यासारखाच.

आपल्या समाजापुरती आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. संस्थेचे कागद बहुधा गुजरातीत असतात. मुलाच्या शिक्षणाच्या आराखड्यावर आई सही करते, पण त्यातला मजकूर तिला कोणी मराठीत, वा घरी अहिराणी असेल तर अहिराणीत, समजावून सांगितला काय? न समजता केलेली सही कागद पूर्ण करते, संमती नव्हे. दुभाषाचे हे काम आपल्या मंडळातील शिकलेल्या भगिनींनी आठवड्यातून एक तास दिला तरी होण्याजोगे आहे.

पालकांनीही संकोच सोडावा. महिन्यातून एकदा केंद्रात जाऊन आपल्या मुलाची वही वाचायला मागावी. ज्या संस्थेला या भेटीचे भय वाटत नाही, तिला वर्षातून एकदा येणाऱ्या अधिकाऱ्याचेही वाटणार नाही.